पद्मिनीचे चार प्लग

वर्तमानपत्राच्या कागदावर चार स्पार्क प्लग ओळीनं मांडले आहेत. रेडिएटरकडचा पहिला डावीकडे, मग दोन, तीन, आणि ड्रायव्हरच्या पायांच्या बाजूचा चौथा उजवीकडे. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं आकडा घातला आहे, कारण हा क्रम एकदा मोडला की पुढचं सगळं वाचन वाया जातं. गाडी प्रीमियर पद्मिनी, 1980 च्या दशकातली, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. तक्रारी नेहमीच्याच: चढावर दम कमी पडतो, सिग्नलला उभी असताना मधूनच मिसिंग करते, सकाळी पहिल्यांदा सुरू केली की मागून निळसर धूर येतो. एवढ्यावरून लगेच कार्ब्युरेटर उघडायला बसणारे पुष्कळ भेटतात. मला आधी प्लग बघायचे असतात. तक्रार गाडी चालवणारा सांगतो. तिच्यात त्याचा अंदाज, त्याची धास्ती, कुणीतरी कानावर घातलेलं असं सगळं मिसळलेलं असतं. प्लगच्या टोकावर मात्र आत जळलेल्या आगीनं जे उमटवलं तेवढंच असतं.

पहिला आणि तिसरा बिस्किटी रंगाचे आहेत. दुसरा काळा आणि ओला, टोकापासून आट्यांपर्यंत चमकणारा. चौथा पांढराफटक, कोरडा. इंजिन एकच, पेट्रोल तेच, हवा तीच, आणि तरी तीन रंग. हा फरक म्हणजेच या मजकुराचा गाभा. एकटा प्लग फार थोडं बोलतो. तो काळा असेल तर काळा का, याला दहा उत्तरं असतात. शेजारच्या तिघांजवळ ठेवल्यावर त्या दहातली सात-आठ आपोआप गळून पडतात. जुन्या पोथीच्या प्रती ताडून पाहणारा संपादक जे करतो तेच इथं करायचं: सगळीकडे सारखं काय आहे आणि एकाच ठिकाणी वेगळं काय आहे, हे आधी वेगळं काढायचं.

हे इंजिन वाचायला चांगलं आहे. फियाट 1100 चं चार सिलिंडरचं, 1089 सीसीचं. पिस्टनचा व्यास 68 मिलिमीटर, चाल 75. इटलीतून आलेली ही गाडी 1964 पासून आपल्याकडे 1100 डिलाइट म्हणून धावली, 1974 मध्ये पद्मिनी झाली आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली. तिच्यात ना संगणक आहे ना सेन्सर. चौघांना मिळून एक कार्ब्युरेटर, एक कॉइल, एक डिस्ट्रिब्युटर आणि त्यात उघडझाप करणारे पॉइंट. आजच्या गाडीत बिघाड झाला की संगणक मिश्रण बदलून तो काही काळ झाकून नेतो. इथं झाकणारं कुणी नाही. जे बिघडलं ते थेट प्लगवर येतं.

किती वेळा येतं, याचा हिशेब केला की आदर वाटू लागतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर दोन फेऱ्यांत एकदा या हिशेबानं प्रत्येक प्लग सेकंदाला 25 ठिणग्या टाकतो. तासाला 90,000. प्रत्येक ठिणगीमागे एक स्फोट, क्षणभर दोन हजार अंशांपलीकडे जाणारी आग, आणि पाठोपाठ आत येणारा गार हवेचा आणि पेट्रोलचा झोत. या माऱ्यात चिनीमातीचं एक छोटं टोक टिकून राहतं आणि वर त्या सगळ्याची नोंद अंगावर बाळगतं. 1902 साली श्टुटगार्टला रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यानं जास्त दाबाच्या विजेचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग सिद्ध केला, तेव्हापासून या वस्तूचा मूळ आराखडा फारसा बदललेला नाही. मध्ये एक दांडी, तिच्याभोवती विजेला अडवणारी चिनीमाती, बाहेर लोखंडी कवच, आणि कवचातून वाकून दांडीपुढे आलेली एक पट्टी. दांडी आणि पट्टी यांच्यामधली फट म्हणजे गॅप. पद्मिनीत ती 0.6 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. या फटीतून उडी मारायला हजारो व्होल्टचा रेटा लागतो.

आता टोकाकडे नीट पाहू. आतली चिनीमाती खाली निमुळती होत येते, ते प्लगचं नाक. रंग वाचायचा तो मुख्यतः या नाकावर. हे नाक किती लांब आहे यावर ते किती तापणार हे ठरतं, कारण उष्णतेला बाहेर पडायची वाट नाकाच्या मुळाशी आहे: तिथून कवचात, कवचातून आट्यांत आणि वॉशरमधून हेडमध्ये, शेवटी पाण्यात. नाक लांब असेल तर वाट लांब, प्लग गरम राहतो. आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, प्लग थंड राहतो. गरम प्लग, थंड प्लग म्हणतात ते हेच. नाकाचं तापमान साधारण 500 अंशांच्या वर राहायला हवं, म्हणजे बसलेली काजळी जळून जाते. ते 850 च्या वर जाता कामा नये, नाहीतर ठिणगी पडण्याआधीच तापलेलं टोक मिश्रण पेटवून देतं. इंजिन थांबून धुकधुकत असो की बोरघाट चढत असो, या दोन आकड्यांच्या मधेच राहायचं, एवढी अवघड कामगिरी या नाकावर सोपवलेली आहे.

म्हणून प्लग हातात घेतल्यावर आगीनं उमटवलेलं वाचण्याआधी कारखान्यानं छापलेलं वाचावं. चारही प्लग एकाच नंबरचे आहेत का? जुन्या गाडीत एखादा वाटेत बदललेला असतो, दुकानात जो मिळाला तो. नंबर वेगळा म्हणजे नाकाची लांबी वेगळी, आणि मग रंगाची तुलना निरर्थक. यात एक खड्डा आहे. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. चॅम्पियनच्या प्लगवर आकडा मोठा तर प्लग गरम. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तर्क लढवणाऱ्यांना मी कळकळीनं सांगेन की तुलनेचा तक्ता बघा. समोरचे चौघेही एकाच मेकचे, एकाच नंबरचे आहेत. तुलना रास्त आहे.

पहिला आणि तिसरा. नाकावर फिकट बिस्किटी छटा, मुळाकडे किंचित गडद. पट्टीच्या कडा शाबूत, फट जवळपास होती तेवढीच. निरोगी ज्वलन असं दिसतं. इथं जुन्या पुस्तकांतल्या रंगीत तक्त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. त्या तक्त्यांतला गडद तपकिरी-करडा रंग शिसं घातलेल्या पेट्रोलचा आहे. 2000 साली आपल्याकडे ते पेट्रोल देशभर बंद झालं आणि निरोगी प्लगचा रंगच एक पायरी उजळला. जुना तक्ता धरून आजच्या बिस्किटी प्लगला कुणी पेट्रोल कमी पडतंय म्हणाला, तर तो प्लग बरोबर असूनही जेट बदलला जाईल. मजकूर कोणत्या काळातला आहे हे ठाऊक नसेल तर शब्द ओळखीचे असूनही अर्थ हुकतो.

या दोघांचा खरा उपयोग वेगळाच आहे. ते निरोगी आहेत म्हणजे चौघांना जे जे समाईक आहे ते सगळं निर्दोष सुटलं. कार्ब्युरेटर समाईक, त्यात खोट असती तर चारही काळे किंवा चारही पांढरे पडले असते. टायमिंग समाईक. एअर फिल्टर, पेट्रोल पंप, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, सगळे समाईक. दोन साध्या, कंटाळवाण्या रंगांच्या प्लगांनी अर्ध्या इंजिनावरचा संशय दूर केला. वाचणाऱ्याचं लक्ष नेहमी भडक रंगाकडे आधी जातं, आणि मला वाटतं तिथंच तो चुकतो. आधी साध्यांना बोलू द्यावं.

आता दुसरा. काळा आहे हे सगळ्यांना दिसतं. प्रश्न तो कोणत्या जातीचा काळा, हा आहे. काळ्याच्या मुख्य जाती दोन. एक कोरडा, मऊ, मखमली; बोट लावलं की बोट काळं होतं आणि पुसलं की जातं. ती काजळी. पेट्रोल जास्त, हवा कमी: चोक अडकलेला, फिल्टर तुंबलेला, फ्लोटची पातळी वर गेलेली. किंवा ठिणगीच अशक्त. किंवा गाडी दिवसभर गर्दीत धुकधुकत उभी. काजळी वाईट ती एवढ्यासाठी की ती वीज वाहून नेते. दाब वाढून ठिणगी फटीतून उडायच्या आतच वीज नाकावरच्या काजळीवरून चोरवाटेनं कवचात उतरते. ठिणगी हुकली की पेट्रोल न जळता राहतं, आणखी काजळी धरते, आणखी ठिणग्या हुकतात. एकदा सुरू झालेला हा फेरा आपण होऊन थांबत नाही.

दुसरी जात चमकणारी, चिकट. बोटाला लागते ती घासूनही पुरती जात नाही. ते तेल. पण ओला काळा प्लग पेट्रोलनंही ओला असू शकतो, आणि दोघांची गल्लत फार होते. तपासायला सोपी युक्ती आहे. प्लग उन्हात ठेवायचा. पेट्रोल पाहता पाहता उडून जातं आणि मागे कोरडं काळं उरतं. तेल हलत नाही. आपला दुसरा प्लग उन्हात ठेवून उचलला तेव्हा ठेवताना होता तेवढाच चमकत होता. म्हणजे या सिलिंडरमध्ये तेल शिरतंय, ज्या अर्थी शेजारी कोरडे आहेत त्या अर्थी फक्त याच्यातच, आणि तेलानं माखलेल्या नाकामुळे ठिणगी हुकतेय. सिग्नलवरचं मिसिंग आणि चढावरचा कमी दम, दोन्हींचा मोठा वाटा इथं आहे.

तेल शिरायला वाटा दोन. खालून, पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर. वरून, व्हॉल्व्ह ज्या गाईडमधून वरखाली होतो तो गाईड सैल झाला असेल तर. खर्चाच्या दृष्टीनं या दोन वाटांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे: वरची वाट असेल तर हेड उतरवून भागतं, खालची असेल तर इंजिन उघडायचं. म्हणून इथं रंग पाहून थांबायचं नाही, जरा जवळ जायचं. भिंग असेल तर भिंगातून पाहायचं. दुसऱ्या प्लगच्या नाकावरचा थर सगळीकडे सारखा नाही. एका अंगाला जाड, खरबरीत, साचत गेलेला. विरुद्ध अंगाला पातळ. प्लग काढण्यापूर्वी त्याच्या पांढऱ्या अंगावर इनलेट व्हॉल्व्हच्या दिशेला पेनानं एक रेघ मारून ठेवली होती. जाड थर नेमका त्या रेघेच्या बाजूला आहे. रिंगांतून आलेलं तेल असं एका बाजूला पाहून बसत नाही. व्हॉल्व्हच्या दांडीवरून ओघळलेलं तेल हवेच्या झोताबरोबर येतं आणि झोत जिथून येतो त्याच गालावर आदळतं.

आणि मग तक्रारीतला तो सकाळचा निळा धूर आठवतो. रात्रभर गाडी उभी असताना गाईडमधून तेल थेंब थेंब खाली उतरतं आणि पहिल्या स्टार्टला जळून जातं. घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, गाडी इंजिनाच्या ओढीवर धरली, आणि खाली पोचल्यावर पुन्हा पाय दिला की निळ्या धुराचा लोट येतो, हीसुद्धा गाईडचीच खूण. पाय काढल्यावर इनलेटमध्ये जबर ओढ तयार होते आणि ती सैल गाईडमधून तेल खेचून घेते. उलट, रिंगांचा धूर जोर लावताना येतो. तक्रारीला मी वर जरा कमी लेखलं, पण प्लग वाचून झाल्यावर तीच तक्रार साक्षीदार म्हणून फार कामाला येते. क्रम तेवढा सांभाळायचा.

चौथ्या प्लगपुढे मी सगळ्यात जास्त वेळ बसलो. पांढरं नाक म्हटलं की शिकलेली उत्तरं लगेच जिभेवर येतात: मिश्रण पातळ, इंजिन कुठून तरी हवा घेतंय, टायमिंग फार आधी, पाणी कमी. यातलं टायमिंग आणि कार्ब्युरेटर पहिल्या-तिसऱ्यानं आधीच बाजूला केलंय. उरलं ते या एका सिलिंडरपुरतं. मागचा सिलिंडर, पाण्याच्या पंपापासून सर्वांत लांब. जुन्या इंजिनात ब्लॉकच्या मागच्या टोकाला गंजाचा गाळ बसतो आणि तिथं पाणी नीट खेळत नाही. ही शक्यता खरी आहे. पण इतक्यात तिला हात घालायचा नव्हता, कारण आधी पांढऱ्याची प्रत पाहायची होती.

पांढरा भयंकर केव्हा असतो? नाकावर फोड दिसतात, चिनीमाती वितळून काचेसारखी झालेली असते, पट्टीच्या कडा गोलावलेल्या असतात. आणि त्याहून वाईट म्हणजे पांढऱ्या नाकावर मिरपूड उडाल्यासारखे काळे कण आणि त्यांच्यात एखाद-दुसरा चकाकणारा रुपेरी ठिपका. तो ठिपका पिस्टनच्या ॲल्युमिनियमचा असतो. आत ठोके बसतायत आणि पिस्टन कणाकणानं झडू लागलाय, असं तो सांगतो. असा ठिपका दिसला की चावी खिशात टाकावी आणि गाडी ओढून न्यावी. इंजिनानं लिहिलेलं याच्याइतकं गंभीर वाक्य मला माहीत नाही. पांढऱ्याची आणखीही एक प्रत असते: शेजाऱ्यांपेक्षा अनैसर्गिक स्वच्छ, नुकतं धुतल्यासारखं नाक. हेड गॅस्केट फुटून सिलिंडरमध्ये पाणी झिरपत असेल तर वाफ ते धुऊन काढते. दोन शेजारचे प्लग, दोन आणि तीन असे, एकाच वेळी असे निघाले तर त्यांच्यामधली गॅस्केट गेली, हे जवळपास निश्चित.

आपल्या चौथ्यावर यातलं काही नाही. फोड नाहीत, ठिपके नाहीत, कडा शाबूत. धुतल्यासारखी चकाकीही नाही. कोरडा, मुका पांढरा. तापलाय पुष्कळ, पण जळला नाही. उत्तर नाकावर नव्हतंच. ते वर होतं, आट्यांच्या मुळाशी, जिथं सहसा कुणी बघत नाही. प्रत्येक प्लगला तिथं एक पोकळ वॉशर असतो. प्लग आवळला की तो चेपून सपाट होतो आणि हेडला घट्ट भिडतो. एक, दोन आणि तीनचे वॉशर चेपलेले आहेत. चौथ्याचा गोल आहे, जवळजवळ डबीतून काढला तसा. आणि वॉशरच्या एका बाजूला बारीक काळी रेघ, बाहेर पडणाऱ्या वायूनं ओढलेली. प्लग पुरता आवळलेलाच नव्हता. उष्णतेचा मोठा भाग ज्या वाटेनं हेडमध्ये उतरायचा ती वाटच तुटली, आणि बरोबर नंबरचा, बरोबर गॅपचा, बरोबर मिश्रणात जळणारा प्लग तापत राहिला. इंजिनाचा त्यात दोष नाही. उद्या कुणी हा पांढरा रंग बघून चौघांच्या कार्ब्युरेटरला मोठा जेट घातला असता, तर पहिला आणि तिसरा विनाकारण काळे पडले असते.

याची खातरजमा रंगानंच करायची. चौथा प्लग पहिल्या सिलिंडरमध्ये आणि पहिला चौथ्यात, दोन्ही नव्या वॉशरनं नीट आवळून. पांढरेपण प्लगबरोबर हललं तर प्लग तपासायचा. चौथ्या सिलिंडरमध्येच राहिलं तर मागचा गाळ आणि पाण्याच्या वाटा तपासायच्या. दोन्हीकडून गेलं तर वॉशरचं निदान पक्कं. आवळायचा तो हातानं बसेपर्यंत आणि मग नव्या वॉशरला पान्यानं अर्धा फेर. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. जोर दाखवला किंवा इंजिन गरम असताना प्लग उघडायला गेलं की आटे प्लगबरोबर बाहेर येतात.

रसिकांनी ओळीच वाचायच्या असं नाही, समासही वाचावेत. पट्टीवर दांडीसमोर खोल खळगा पडला असेल तर कॉइलच्या तारा उलट लागल्या असण्याची शक्यता मोठी. ठिणगीनं मधल्या तापलेल्या दांडीकडून पट्टीकडे जायला हवं, कारण तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. उलट दिशेनं तीच ठिणगी टाकायला कॉइलला बरीच जास्त मेहनत पडते, आणि पट्टी खात जाते. गाडी सुरू होते, चालते, फक्त थंडीत आणि चढावर कुरकुरते, आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. याउलट बाहेरच्या पांढऱ्या अंगावर, कवचाच्या वर लगेच, एक तपकिरी कडं दिसतं. वायू गळतोय असं म्हणून चांगले प्लग त्यापायी फेकून दिले जातात. ते गळतीचं नसतं. जास्त दाबाच्या विजेच्या प्रभावानं हवेतले तेलाचे कण तिथं ओढले जाऊन चिकटलेले असतात. तो डाग निरर्थक आहे, आणि निरर्थक खूण निरर्थक म्हणून ओळखता येणं हाही वाचनाचाच भाग.

एक अडचण मात्र मूळ मजकुराचीच आहे. प्लग नेहमी शेवटचं पान दाखवतो. हायवेवर तासभर उत्तम जळलेली गाडी घराजवळच्या गर्दीत धुकधुकत आली, तर नाकावर तेवढ्या वेळाची काजळी बसते आणि हायवेची नोंद तिच्याखाली झाकली जाते. म्हणून इंजिन जोरात असताना काय घडतं हे पाहायचं असेल तर रेसिंगवाले वेगळी पद्धत वापरतात. रिकाम्या रस्त्यावर पूर्ण जोरात नेऊन क्लच दाबायचा, त्याच क्षणी इंजिन बंद करायचं आणि गाडी नुसती घरंगळत कडेला घ्यायची. तिथंच प्लग काढून वाचायचा. त्या वाचनात नाकाच्या अगदी मुळाशी, कवचाच्या आत खोल, एक बारीक कडं बघतात. पूर्ण जोरातल्या मिश्रणाची खरी खूण तीच, कारण तो भाग सर्वांत थंड राहतो आणि तिथली नोंद जळून जात नाही.

शेवटच्या पानाची ही गोष्ट मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतकी कुठं खरी नव्हती. दिवसभर पहिला-दुसरा गिअर, सिग्नल, स्टँड, पुन्हा सिग्नल. नाकाला 500 अंश गाठायला उसंतच नाही, म्हणून टॅक्सीचा प्लग काजळीनं काळाच असायचा, आणि त्यावरून इंजिनाची लायकी ठरवणं अन्यायाचं होतं. त्यात पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असेल तर काजळीही वाढायची आणि इंजिन ठोकेही मारायचं; एकाच प्लगवर काळं आणि तापलेलं अशा परस्परविरोधी खुणा एकत्र यायच्या. टॅक्सीच्या मिस्त्रींनी या सरमिसळीतूनही अर्थ काढला, त्याबद्दल मला फार आदर आहे. पुढे न्यायालयाच्या आदेशांनंतर टॅक्सी सीएनजीवर गेल्या आणि मजकूरच बदलला. गॅस इतका स्वच्छ जळतो की नाकावर रंग जवळपास धरतच नाही. उलट ठिणगीला जास्त दाब लागतो, फट कमी ठेवावी लागते, दांडीच्या कडा लवकर झिजतात. रंग वाचणारे मिस्त्री कडा वाचायला शिकले. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तोवर हे चालू होतं.

मराठी घरांत प्लगची ओळख बहुधा चेतकमुळे झालेली असते. बंद पडलेली स्कूटर, डिकीतला प्लग पाना, फुटपाथच्या कडेला घासलेलं टोक. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळतं, त्यामुळे फटीत कार्बनचा बारीक तंतू अडकून ती बुजायची आणि ठिणगी बंद. तो काढला की गाडी सुरू. तिथं प्लग वाचायची गरज पडत नव्हती, साफ करायची पडायची. पण साफ करण्याची तीच सवय चार सिलिंडरच्या गाडीवरही लागू केली जाते, आणि गॅरेजमध्ये प्लग हातात येताच पॉलिश पेपर फिरतो. वाचायच्या आत पुसलं की संपलं. पोरगा पेपर घेऊन वाकला की त्याचा हात धरणारा आणि "थांब रे, आधी बघू दे" म्हणणारा मिस्त्री मिळाला, तर त्याच्याकडे गाडी कायमची लावावी.

आजच्या पद्मिनी मालकापुढे एक नवं पान उघडलंय. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही उसातून आलेलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, आणि ते जाळायला हवा कमी लागते: पेट्रोलला वजनानं सुमारे 14.7 पट हवा, निव्वळ इथेनॉलला 9 पट. जुन्या पेट्रोलसाठी ठरवलेला जेट तेवढाच ठेवला की मिश्रण पातळ होतं. संगणक असलेली गाडी हे सांभाळून घेते. सोलेक्स कार्ब्युरेटर घेत नाही. मग प्लग उजळतात, पण चारही, सारखे, एका पायरीनं. चौथ्याचं एकट्याचं पांढरेपण आणि चौघांचं समाईक पांढरेपण यांतला फरक इथं पैशांत आणि पिस्टनमध्ये मोजता येतो. चौघांचं असेल तर मुख्य जेट एक नंबर मोठा घालून पुन्हा वाचायचं. आपला पहिला आणि तिसरा बिस्किटी आहेत, पण जुन्या मानानं फिकट. तेव्हा या गाडीत तो जेट लवकरच लागणार आहे. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या त्याआधी बदलाव्या लागतील, कारण इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि कुजवतं.

दुसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन नंतर मोजून घेतलं. काटा शेजाऱ्यांच्या बरोबरीनं चढला. चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजलं तर फारसा फरक पडला नाही. रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलानं फटी भरून काटा चांगलाच वर गेला असता. म्हणजे खालचं इंजिन शाबूत. हेड उतरवायचं, दोन नंबरचा इनलेट गाईड बदलायचा. एका गाईडला झीज लागली आहे तर बाकीच्यांनाही किती लागली आहे, हे व्हॉल्व्ह हलवून बघायचं. हेड खाली आलंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटही तपासून घ्यायच्या. शिसं असताना ते त्या सीटवर पातळ थर धरून त्यांची झीज थोपवत असे. आता ते काम सीटच्या धातूलाच करावं लागतं, आणि 1980 च्या दशकातल्या गाडीत तो धातू पुरेसा कठीण असेलच असं नाही.